लोटननानांचं भ्याव

लोटननाना आमच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी त्यांनी सामान उतरवण्याआधी मीटरची पेटी उघडली. टेम्पो दारात उभा, त्यांच्या पत्नी जिजाबाई काखेत पितळी कळशी धरून उन्हात ताटकळलेल्या, आणि हा उंच, वाळक्या अंगाचा माणूस पेटीत डोकं घालून काहीतरी पुटपुटतोय. मग त्यांनी उजवा हात पालथा केला आणि दाराच्या लोखंडी जाळीला बोटांची मागची बाजू लावली. काढली. पुन्हा लावली. मग बायकोकडे वळून म्हणाले, "हां, आते ये मझार." तेव्हा कुठे जिजाबाई आत गेल्या.

आमची कॉलनी नंदुरबारच्या कडेला. हंगामात लाल मिरची वाळायला पसरतात त्या पथाऱ्या तिथून जवळ. वारा तिकडून आला की अख्खी गल्ली शिंकते. दोन-दोन घरांना मधली भिंत एकच. भिंतीच्या अलीकडे मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, एकटी राहणारी. पलीकडे हे नवरा-बायको. त्यांचा मुलगा संजय सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. नाना वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी विजेच्या खांबांवर काढलेली, त्यातली बरीच वर्षं सातपुड्यात, मोलगीच्या अंगाला.

पालथ्या हाताचं कारण मला त्यांनी पुढे सांगितलं. तळहात लावला आणि वस्तूत करंट असला तर मूठ आवळली जाते, माणूस चिकटतो. पालथा हात लावला तर झटक्यानं मागे येतो. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरलेली की चहाचा कप, नळाची तोटी, दुकानाचं शटर, सगळ्याला आधी पालथा हात. गल्लीतल्या एखाद्या पोराला ताप आला की त्याच्या कपाळालाही ते पालथाच हात लावायचे आणि जरा दचकून मागे घ्यायचे. पोरं हसायची.

वायरमन म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर छातीठोक माणूस यायचा. नाना तसे नव्हते. ते सगळ्याला भ्यायचे. खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघायचे. रस्त्यात गाय दिसली तर फेरा घेऊन यायचे. लग्नाच्या मांडवात रबरी तळव्याचे बूट घालून जायचे आणि मंडपाच्या लायटिंगपासून लांब, भिंतीला पाठ लावून जेवायचे. कुणाकडे फ्यूज उडाला की बोलावणं त्यांनाच, पण त्यांच्या अटी असायच्या. आधी विचारायचे, "मेन कोन्ही बंद कया?" कुणी म्हणालं "मी", तर त्याला सांगायचे, "मंग तठेच उभा ऱ्हाय. हालानं नही." एकदा माझ्याच घरात पंखा दुरुस्त करताना त्यांनी मला तासभर मेन स्विचपाशी पहाऱ्यावर ठेवलं. मध्ये दूध उतू गेलं तरी हलू दिलं नाही.

कुणी भित्रा म्हटलं की त्यांना राग यायचा नाही. उलट मान डोलवायचे. "माले भ्याव वाटस, म्हनीसन मी जित्ता शे," असं म्हणायचे. भ्याव म्हणजे भय. पण त्यांच्या तोंडी तो शब्द एखाद्या जुन्या सोबत्याचं नाव घ्यावं तसा यायचा.

ह्याच्या मागे पंडित होता. पंडित त्यांचा जोडीदार, बरोबर नोकरीला लागलेला. एकदा फोनवर कुणीतरी सांगितलं, लाईन बंद आहे, चढा. पंडित चढला. लाईन चालू होती. त्याला खाली नानांनीच उतरवला. एवढंच त्यांनी मला सांगितलं, तेही पंख्याकडे बघत.

त्यानंतरची एक गोष्ट मात्र ते स्वतः खुशीनं सांगायचे. मोलगीकडच्या एका पाड्यावर पावसाळ्यात लाईट गेली. गावकऱ्यांनी चार दिवस वाट बघितलेली. नाना पोचले, तोवर वरून निरोप आला की लाईन बंद केली आहे, चढायला हरकत नाही. नाना खांबाखाली उभे राहिले आणि म्हणाले, मी बघून येतो. बघून येतो म्हणजे मागे डोंगर उतरून जिथे स्विच आहे तिथपर्यंत चालत जायचं आणि तेवढंच चढून परत यायचं. जीप निघून गेलेली. पाऊस कोसळतोय. गावचा कारभारी चिडला, माणसं हसली. नाना म्हणाले, "भित्रा शे मी. पन खांबवर मी चढाना शे, तुम्ही नहीत."

"मग? लाईन चालू निघाली?" मी उत्सुकतेनं विचारलं.

"नही ना! बंदच व्हती," नाना म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

स्वयंपाकघरातून जिजाबाईंचा आवाज आला, "आनी पाऊसमा भिजीसन आठ रोज तापमा पडेल व्हतात, ते सांगा ना बाईले."

असा हा माणूस. आणि नेमकी ज्या गोष्टीला भ्यायचं, तिला तो भ्यायला नाही. शौचातून रक्त जात होतं, ते त्यांनी कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. भीतीपेक्षा लाज मोठी ठरली. जिजाबाईंना कळलं ते धुण्याच्या कपड्यांवरून. मग संजय आला, सुरतेला घेऊन गेला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर केमो घ्यायची असं ठरलं. नाना तेव्हा सत्तरी ओलांडलेले.

पहिल्या सलाईनच्या वेळचं संजयनं मला फोनवर सांगितलं. नर्सनं सुई लावली, बाटली टांगली. नाना बाटलीकडे बघत राहिले, मग विचारलं, हे बंद कुठून होतं? नर्सनं नळीवरची छोटी चकती दाखवली, ती फिरवली की थेंब थांबतात. तेव्हापासून बाटली संपेपर्यंत नानांनी त्या चकतीवरची नजर हलवली नाही. संजयला म्हणाले, "तू तठेच उभा ऱ्हाय."

ते नंदुरबारला परतले तेव्हा हिवाळा होता. दोन-तीन दिवसांनी मी सकाळी शाळेत जायला निघाले, तर शेजारच्या दारात नाना उभे. डोक्याला मफलर, चेहरा राखेसारखा.

"बाई, तुम्हना घरमा लाईट शे का?"

"आहे की."

"बंद करा. मेन बंद करा आधी."

आत जिजाबाई मधल्या खोलीत खाटेवर पाय वर घेऊन बसलेल्या. नानांनी त्यांना खाली उतरायला मनाई केली होती. झालं असं होतं की सकाळी उठून नानांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि हाताला झटका बसला. नेहमीसारखा पालथा हात लावून पाहिला, तरी झटका. मग नळ. मग दाराची कडी. मग खिडकीचे गज. घरातल्या प्रत्येक धातूत करंट. त्यांनी मेन बंद केला, तरी झटका बसतच होता. फ्यूज काढून खिशात घातले, तरी तेच. पाणी प्यायला गेले तर घशातसुद्धा मुंग्या आल्या आणि घसा आवळला.

मी तांब्या उचलला. मला काहीच झालं नाही. नुसता गार होता, डिसेंबरातला तांब्या जेवढा गार असतो तेवढा.

"नाना, ह्याच्यात काही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी चरकले. उभा जन्म ज्या एका गोष्टीची त्यांना खात्री होती, ती मी खोटी ठरवत होते.

मी संजयला फोन लावला, त्यानं दवाखान्यात विचारलं. निघताना कागदावर लिहून दिलं होतं, पण गडबडीत कुणी वाचलं नव्हतं. त्या औषधानं नसांवर परिणाम होतो, गार वस्तूला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. गार पाणी प्यायचं नाही, गार हवेत जायचं नाही, भांडी कापडानं धरायची. मी हे सगळं नानांना सावकाश समजावलं. वाटलं, आता त्यांना हायसं वाटेल.

ते खाटेच्या कडेवर बसले. दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"म्हंजे करंट मन्हा आंगमा शे," ते म्हणाले. "मंग मेन कोठला बंद करू?"

शाळेला उशीर होतोय असं काहीतरी बोलून मी निघाले.

त्यानंतर नानांनी हालचाल कमी करायला सुरुवात केली. भ्यालेला माणूस खांबावर जसा एका जागी थिजून राहतो, तसे ते घरात थिजले. व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. सकाळी तिच्यावर बसले की जेवायलाच उठायचे. पुढेपुढे जेवणही खुर्चीवरच. पूर्वी ते पथाऱ्यांपर्यंत चालत जायचे, येताना भाजी आणायचे, ते सगळं थांबलं. दर सलाईननंतर थोडे दिवस ते अगदी गळून जायचे, आणि पुढच्या सलाईनआधी जी ताकद परत यायला हवी ती दर वेळी जरा कमीच यायची. मला भिंतीपलीकडून कळायचं. आधी नानांच्या उठण्याचा आवाजच नसायचा. मग खाटेचा करकर आवाज येऊ लागला. मग करकर, थांबणं, पुन्हा करकर. आणि मग "ए, हात दे," अशी हाक.

एकदा ते हळूहळू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले. बूट सुजलेल्या पायांत जात नव्हते म्हणून चपला घातलेल्या. परत आले ते एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत निघून पडली होती, आणि त्यांना कळलंच नव्हतं. मी ती उचलून आणून दिली. नाना चपलेकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

"पायमाईन निंघी गयी आनी माले समजनं नही," ते म्हणाले. "खाली गोधडी हातरेल शे असं वाटस, बाई. जमीन कोठे शे तेच समजत नही."

त्या दिवसापासून ते आपणहून फाटकाच्या बाहेर पडेनात.

एका दुपारी जिजाबाई माझ्याकडे आल्या. मागचं दार लावून घेतलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ठणठणीत, बोलघेवडी बाई, पण तेव्हा नुसता माझा ओटा पदरानं पुसत राहिल्या.

"संजयना बाप पडना. न्हानीमा," शेवटी त्या म्हणाल्या.

न्हाणीत बसलेले उठताना पाय सरकला, की उठायला ताकदच पुरली नाही, ते नानांनाही सांगता येत नव्हतं. जिजाबाईंचे गुडघे आधीच गेलेले. त्यांना नवऱ्याला उचलता येईना. नाना ओल्या फरशीवर कितीतरी वेळ तसेच पडून होते, शेवटी बादलीला, भिंतीला धरत कसेबसे उठले. हाड मोडलं नव्हतं. मला हाक का मारली नाही, असं मी विचारलं, तर जिजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आंगवर कपडा नव्हता ना, बाई. मनाई कयी त्यास्नी. आनी आते म्हनतस, डॉक्टरले सांगू नको. सांगं तं औषध बंद करी देतीन."

पुढच्या वेळी संजयला सुट्टी मिळेना, म्हणून सुरतेला त्या दोघांसोबत मी गेले. गाडीत नाना खिडकीपासून लांब बसले. हात मांडीवर उलटे ठेवलेले. उकाईच्या आसपास ते हळूच म्हणाले, "बाई, माले मरानं भ्याव नही इतलं. माले पडी ऱ्हावानं भ्याव शे. चालता येस तोपावत मी मन्हा शे. मंग मी दुसरास्ना."

डॉक्टर तरुण मुलगी होती. गुजराती-हिंदी मिसळून बोलायची. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवले आणि नानांना हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगितलं. नानांनी हात छातीशी घडी करून धरले. शरीर पुढे झुकलं, मांड्या थरथरल्या, आणि ते परत मागे बसले. पुन्हा झुकले. पुन्हा बसले. तिसऱ्या वेळी हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेला. तेव्हा ते उठले, पण कुणाकडे बघेनात.

"काका, घरमें गिरे थे क्या?" डॉक्टरनं विचारलं.

"नही," नाना म्हणाले.

जिजाबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तुम्ही खोटं काबर बोली ऱ्हायनात?" त्या एकदम म्हणाल्या. मग डॉक्टरकडे वळून, अहिराणी, हिंदी काय येईल त्यात, न्हाणीपासून चपलेपर्यंत सगळं सांगून टाकलं. नानांनी डोळे मिटून घेतले. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "पडनू. एकदाव पडनू."

डॉक्टर रागावली नाही. ती नानांच्या समोर स्टूल ओढून बसली, त्यांचे पाय हातात घेऊन तळवे टोचून पाहिले. मग तिनं जे सांगितलं ते मी नंतर अनेकदा आठवलं. ती म्हणाली, मी वय बघून औषध देत नाही, माणसाचं उठणं-बसणं बघून देते. पायांत ताकद असेल तर शरीर औषध पेलतं. नसांना त्रास देणारं औषध आता बंद करू, बाकीचं चालू ठेवू, तेही जरा कमी करून. पण काका, खुर्चीत बसून राहिलात तर आजाराच्या आधी खुर्चीच तुमचे पाय खाईल. रोज उठायचं, बसायचं, उठायचं. धरून का होईना, चालायचं.

परतीच्या गाडीत नाना जिजाबाईंशी एक शब्द बोलले नाहीत. जिजाबाईंनी डबा उघडून दिला, तो नानांनी बाजूला सारला. मी समजूत घालायला गेले, औषध बदललंय, बंद नाही केलं. नाना खाली बघत म्हणाले, "जुनी लाईनले कोन्ही लोड देत नही, बाई. माले समजस."

त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला रडू आलं. जिजाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आपण नवऱ्याचं औषध तोडलं, असं त्यांना वाटत होतं. मला ते त्यांनी नंतर बोलून दाखवलं. तीन माणसं, आणि तिघांची भीती वेगळी.

नवरा-बायकोतला तो अबोला घरी आल्यावरही बरेच दिवस चालला. भिंतीपलीकडे भांड्यांचे आवाज यायचे, माणसांचे नाहीत. नाना खुर्चीत. डॉक्टरच्या सांगण्याची मी दोनदा आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. उठायचं म्हणजे पडायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

एक दिवस मी शाळेतून परत आले, तर नाना व्हरांड्यात उभे. हातात एक जाड, काळा पडलेला पट्टा. तो त्यांनी व्हरांड्याच्या खांबाभोवती टाकला होता आणि त्याचं दुसरं टोक स्वतःकडे ओढत होते. दप्तर, पर्स, सगळं फाटकातच टाकून मी धावले.

"नाना! काय करताय हे?"

ते शांतपणे माझ्याकडे वळले. खांबावर चढताना कमरेला बांधायचा तो पट्टा होता. ट्रंकेच्या तळातून काढलेला. त्यांनी तो कमरेभोवती घेतला, बकल लावलं, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. खुर्ची मागे सरकवून घेतली होती.

"पडनू तं लटकसू," ते म्हणाले. "फरशीवर नही जावाव."

मग ते खुर्चीत बसले. आणि उठले. पट्टा ताणला गेला, खांबाला घासला. मांड्या लटपटत होत्या, ओठ पांढरे पडले होते. उभं राहिल्यावर त्यांनी खांबाला कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले, पाठ वरखाली होत होती. मग बसले. पुन्हा उठले. दारात जिजाबाई येऊन उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"ए," नाना त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मांगे ये. पट्टा धरी ठेव."

सुरतेहून परतल्यापासून त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

मग रोज सकाळी ऊन पसरलं की गल्लीत हा प्रकार दिसू लागला. पुढे नाना, कमरेला पट्टा. मागे जिजाबाई, दुखऱ्या गुडघ्यांनी डुलत, पट्ट्याचं टोक मुठीत. नाना प्रत्येक पाऊल टाकण्याआधी खाली बघायचे, पाऊल जमिनीवर आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यायचे आणि मगच दुसरं उचलायचे. पोरं सुरुवातीला खिदळली. एकीनं विचारलं, आजी, नानाले बांधी काबर ठेवं? नानांनीच उत्तर दिलं, "पळी जासू ना, म्हनीसन." त्यांचा विनोद परत आला आहे, हे पाहून मला बरं वाटलं. पण जवळून पाहिलं तर त्यांच्या कपाळावर घाम असायचा, थंडीतसुद्धा. भ्याव गेलेलं नव्हतं. ते भ्याव घेऊनच चालत होते. त्यांना दुसरं कसं चालायचं हे माहीतच नव्हतं.

मध्ये एकदा ताप आला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या आणि सुरतेला पळवावं लागलं. त्या आठवड्यात शेजारचं घर बंद होतं, आणि त्या भिंतीची शांतता मला सहन व्हायची नाही. मी उगाच रेडिओ लावून ठेवायचे. ते परत आले तेव्हा गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून घसरलेला. पुन्हा खुर्चीपासून सुरुवात. पुन्हा खांब. पण ह्या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढच्या तपासणीला संजय होता. त्यानं फोनवर सांगितलं, नाना हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठले. एकदा नाही, डॉक्टरनं थांबवेपर्यंत. आणि मग त्यांनी तिला विचारलं, आता ते पहिलं औषध परत देणार का? ती नाही म्हणाली. नसांना आणखी इजा नको. नाना गप्प झाले. गाडीत बसल्यावर मुलाला म्हणाले, "काही तरी राही गयं असं वाटस." औषध शरीरात गेलं तरी भ्यायचे, नाही गेलं तरी.

केमो संपली. रिपोर्ट ठीक आले. तळव्यांची जाणीव मात्र परत आली नाही. त्याच उन्हाळ्यात माझी बदली शहाद्याकडच्या गावात झाली आणि मी कॉलनी सोडली. अधूनमधून फोन व्हायचा. पुढे आजार यकृतात उलटला. त्या वेळी नानांनी स्वतःच आणखी औषध नको म्हणून सांगितलं, आणि काही महिन्यांनी ते घरीच वारले. मी भेटायला गेले तेव्हा जिजाबाई म्हणाल्या, शेवटचे तीन-चार दिवस सोडले तर न्हाणीत ते आपल्या पायांनी गेले.

"घाबरत होते का?" मी विचारलं.

"मंग? शेवटपावत," जिजाबाई म्हणाल्या. "मन्हा हात धरीसन म्हनेत, तू तठेच उभी ऱ्हाय."

मी नानांना शेवटचं पाहिलं ते त्याच्याही आधी, नंदुरबारच्या स्टँडबाहेर. मी शहाद्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसले होते. बस सुटायची होती. पलीकडे रस्त्याच्या कडेला नाना उभे दिसले. हातात काठी, अंगात स्वेटर, बारीक झालेले. जिजाबाई रस्ता ओलांडून अलीकडे आल्या होत्या, दोन्ही हातांत पिशव्या, आणि त्यांच्याकडे बघून मानेनं "या, या" करत होत्या. रस्त्यावर रिक्षा, उसाचे ट्रॅक्टर, टपावर माणसं बसलेल्या जीप. मध्ये जागा व्हायची आणि नाना हलेपर्यंत भरून जायची. एक रिक्षावाला त्यांच्यासाठी थांबला, हातानं खूण केली. नानांनी नकाराची मान हलवली, तू जा म्हणून. आणखी एक जीप गेली.

मी खिडकीतून हाक मारली. ऐकू गेली नाही. उतरावं असं वाटलं, पण कंडक्टरनं घंटी दिली.

नाना खाली बघत होते, पायांकडे. मग त्यांनी मान वर करून जिजाबाईंकडे पाहिलं. इतक्या लांबूनही मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसला. माणूस किती घाबरलेला असू शकतो, ते मी तेव्हा पाहिलं. त्यांनी काठी पुढे टेकली, आणि डावा पाय कडेवरून खाली रस्त्यावर ठेवला. तो टेकला आहे हे पाहून घेतलं. उजवा पाय उचलायला लागले, आणि बस वळली.